तिशीतला मायनर लीग बॅटर: खेळ तोच, मग भाव का उतरतो?

3 ऑगस्ट 2015. अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो शहरात माइक हेसमन नावाच्या 37 वर्षांच्या बेसबॉल बॅटरने ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेसवर (रन पुरा करताना टप्प्याटप्प्याने गाठायच्या जागा) आपले गडी असताना होमरन (आपल्या सिक्ससारखा थेट बाहेर फटका), एका फटक्यात चार रन. मायनर लीगमधला, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा, त्याचा हा 433 वा होमरन. बझ आर्लेटचा 432 चा रेकॉर्ड 1930 च्या दशकापासून तसाच पडून होता, तो त्या दिवशी मोडला. आता एवढे होमरन ठोकणारा माणूस वरच्या मेजर लीगमध्ये किती खेळला असेल? ब्रेव्ह्ज, टायगर्स आणि मेट्स या तीन क्लबांकडून मिळून फक्त 109 मॅच. त्यात 14 होमरन आणि बॅटिंग अ‍ॅव्हरेज .188, म्हणजे शंभरातल्या जेमतेम एकोणीस वेळा हिट. 2015 च्या सीझननंतर त्याने खेळणं सोडलं आणि कोचिंगला लागला.

मायनर लीगची शिडी अशी: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि मग मेजर. हेसमनसारख्यांना तिकडे 'क्वाड-ए' म्हणतात, चौथा ए, जो खरं तर अस्तित्वातच नाही. ट्रिपल-ए त्यांना सोपं जातं आणि मेजर झेपत नाही. पैशातला फरक पण बघा, 2023 च्या करारात ट्रिपल-ए चा किमान वार्षिक पगार 17,500 वरून 35,800 डॉलरवर गेला आणि त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता 7,20,000 डॉलर. एका पायरीत वीसपट!

लोकांना वाटतं वय झालं, शरीर थकलं, विषय संपला. शरीराचा भाग आहेच, पण तो वाटतो त्यापेक्षा बारीक आहे आणि मला तर त्याच्यापुढचं गणित जास्त इंटरेस्टिंग वाटतं. पण आधी शरीर.

पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) प्लेट आणि बॅटरसमोरची होम प्लेट यात 18.44 मीटर अंतर, पण पिचर पाय पुढे टाकून बॉल सोडतो त्यामुळे बॉलचा खरा प्रवास 17 मीटरच्या आतच. ताशी 95 मैलांचा, म्हणजे साधारण 153 किलोमीटरचा बॉल हे अंतर 0.4 सेकंदात कापतो. त्यातले दीडशे मिलिसेकंद नुसती बॅट फिरवण्यात जातात. उरले अडीचशे, त्यात डोळ्याने बॉल बघायचा, मेंदूने ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि स्नायूंना निरोप पाठवायचा. एवढ्या वेळात बॉलवर शेवटपर्यंत नजर ठेवणं माणसाला जमतच नाही, म्हणून बॅटर सुरुवातीचा प्रवास बघतो आणि बॉल जिथे येणार असं वाटतं तिथे नजर आधीच उडी मारून जाते. म्हणजे बराचसा अंदाजच, फक्त हजारो बॉल खेळून घासून घेतलेला.

आता 90 च्या ऐवजी 95 मैलांचा बॉल आला तर वेळ किती कमी होतो? वीस-पंचवीस मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही, पण अडीचशेतले पंचवीस गेले म्हणजे दहा टक्के गेले की! आणि मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 च्या सुमाराला 92 मैल होता तो आता 94 च्या वर गेलाय, म्हणजे हा बिचारा जिथल्या तिथे उभा राहिला तरी समोरचा वेग वाढतोच आहे.

आणि तो जिथल्या तिथे राहत पण नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2014 मध्ये 'स्टारक्राफ्ट 2' हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या 3,305 जणांचा डेटा तपासला, वयं 16 ते 44. स्क्रीनवर नवीन काही दिसल्यापासून पहिली हालचाल करेपर्यंत किती वेळ लागतो ते त्यांनी मोजलं आणि हा वेळ 24 व्या वर्षापासूनच वाढायला लागतो असं निघालं. चोवीस! आपल्याकडे त्या वयात पोरगं अजून 'सेटल' व्हायचं असतं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की मोठ्या वयाचे खेळाडू शॉर्टकट आणि सोप्या कमांड जास्त वापरून हे नुकसान भरून काढतात. बेसबॉलमध्येही तसंच होतं, पळण्याचा वेग सगळ्यात आधी उतरतो, विशीतच, ताकद त्याच्यापेक्षा बरीच टिकते आणि खराब बॉल सोडून देऊन फुकट बेस मिळवायचं कसब तर तिशीनंतरही टिकून असतं. म्हणून वय वाढलं की फिल्डिंगमधल्या शॉर्टस्टॉपसारख्या पळापळीच्या जागेवरचा माणूस हळूहळू फर्स्ट बेसच्या कमी पळापळीच्या जागेकडे सरकवला जातो आणि तिथे नुसत्या बॅटिंगवर पोट भरायचं असतं, कारण त्या जागेसाठी धष्टपुष्ट होमरनवाल्यांची रांगच असते.

बेसबॉलच्या आकडेवारीतला गुरू बिल जेम्स याने 1980 च्या दशकात सांगितलं की बॅटर 27 च्या आसपास सर्वोत्तम खेळतो. नंतर जे. सी. ब्रॅडबरी या अर्थशास्त्रज्ञाचं उत्तर 29 च्या जवळ आलं. वाद अजून चालू आहे कारण मोजणीतच एक गोची आहे, 36 वर्षांच्या सगळ्या खेळाडूंची सरासरी काढली तर ती छानच दिसते, कारण जे घसरले ते तोपर्यंत घरी गेलेले असतात आणि उरतात फक्त हिरे.

आता गणित. समजा ट्रिपल-ए मध्ये दोन बॅटर आहेत, एक 21 चा, एक 30 चा, आणि दोघांचंही या सीझनचं अ‍ॅव्हरेज .270. क्लब कुणाला वर बोलवेल? शेंबडं पोरही सांगेल, 21 वाल्याला. पण का? सरळ कारण म्हणजे तो अजून सुधारेल. पण समजा तो सुधारणार नाही, तरीही! 500 वेळा बॅटिंग केल्यावर नुसत्या नशिबामुळे अ‍ॅव्हरेजमध्ये .020 ची चूक सहज असते. म्हणजे .270 दिसत असलं तरी खरी लायकी .250 असेल किंवा .290 पण असेल. पोराजवळ एवढाच पुरावा आहे. तिशीवाल्याच्या नावावर 5,000 वेळांची बॅटिंग आहे, तिथे ही चूक .006 वर येते. त्याचा .270 म्हणजे खरंच .270 च.

आणि क्लबला ही अनिश्चितताच हवी असते. पोरगा .250 निघाला तर खाली पाठवून दिला, नुकसान थोडंच. .290 निघाला तर लॉटरी. तिशीवाल्यात लॉटरी नाही, त्याच्याबद्दल जे कळायचं ते सगळं कळून चुकलंय. खेळ तेवढाच चांगला आहे, पण दरवर्षी त्याचं भविष्य आणखी स्पष्ट दिसतं आणि बाजारात याला भाव नाही. शिवाय मायनरमधल्या जागाही आवळल्यात, 2021 मध्ये मेजर क्लबांशी जोडलेल्या मायनर टीम 160 च्या आसपास होत्या त्या 120 केल्या आणि एका क्लबने अमेरिकेत किती मायनर खेळाडू ठेवायचे त्याची मर्यादा 2024 पासून 165 वर आली. त्यातली एक जागा तिशीवाल्याला दिली की एक पोरगं कमी.

(अमोल मुजुमदारची आठवण येतेच, फर्स्ट क्लासमध्ये 11 हजारांवर रन आणि भारताची एकही मॅच नाही. पण त्याच्यापुढे मधल्या फळीत कोण कोण उभे होते ते आठवा, ते प्रकरण वेगळं.)

कधीकधी दार उघडतं पण. ड्रू मॅगी 2010 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे आला, मग क्लब बदलत बदलत मायनरमध्ये 1,155 मॅच खेळला आणि एप्रिल 2023 मध्ये वयाच्या 33 व्या वर्षी त्याच पायरेट्सकडून पहिल्यांदा मेजरमध्ये उतरला. पब्लिकने उभं राहून टाळ्या वाजवल्या. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट. दोन-तीन दिवसांनी वॉशिंग्टनला पहिली हिट मिळाली आणि थोड्याच दिवसांत परत खाली. गोष्ट गोड आहे, पण क्लबचं त्याच्याबद्दलचं मत तिने बदललं नाही.

मत बदलायला नवीन माहिती लागते, जास्त मेहनत नाही. पिचर रिच हिल 2015 मध्ये 35 वर्षांचा होता आणि कुठल्याच मेजर क्लबशी न जोडलेल्या लॉंग आयलंड डक्स या टीमकडून खेळत होता. मग मेजरच्या रेड सॉक्स क्लबने घेतला, तिथे पिचिंगच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या ब्रायन बॅनिस्टरने त्याला आकडे दाखवून सांगितलं की तुझा कर्व्हबॉल (हवेत वळून खाली पडणारा हळू बॉल) जबरदस्त आहे, तो एवढा जपून का वापरतोस? हिलने कर्व्हबॉल धो धो टाकायला सुरुवात केली. शरीर तेच, हात तोच, पण जुन्या डेटावरून या पिचरबद्दल काहीच सांगता येईना, म्हणजे 35 व्या वर्षी तो पुन्हा 'अनिश्चित' झाला. पुढच्या वर्षाच्या शेवटी डॉजर्सने तीन वर्षांसाठी 4.8 कोटी डॉलर मोजले. जुलै 2025 मध्ये 45 वर्षांचा असताना तो कॅन्सस सिटी रॉयल्सकडून, म्हणजे त्याच्या 14 व्या मेजर क्लबकडून, पिचिंग करत होता, आणि त्याचा फास्टबॉल तर त्याआधीच काही वर्षं 90 मैलांच्या आत आलेला होता.