सर्जिकल फॅन्टम

सर्जिकल फॅन्टम म्हणजे लिव्हर, किडनी, मेंदू, प्रोस्टेट अशा एखाद्या अवयवाचं बनवलेलं मॉडेल, ज्यावर इमेज-गायडेड सर्जरीची नवी पद्धत पेशंटपर्यंत जायच्या आधी तपासून बघतात. अशा सर्जरीत आतली गाठ सर्जनला डोळ्यांनी दिसत नसते, आधी काढलेला सीटी किंवा एमआरआय आणि हातातली सुई आत्ता कुठे आहे ते सांगणारी ट्रॅकिंग सिस्टीम यांची सांगड घालून स्क्रीनवर सुईचं टोक दाखवतात. आता स्क्रीनवरचं टोक आणि खरं टोक यात किती मिलिमीटरचा फरक पडतोय? जिवंत माणसात हे मोजणं फार अवघड, कारण खरी जागा कुठली हेच नक्की सांगता येत नाही, पण फॅन्टममध्ये मोजता येतं कारण गाठ आपणच बसवलेली असते. उत्तर आधीच माहीत असलेला अवयव, एवढीच खरं तर फॅन्टमची व्याख्या.

म्हणून फॅन्टम खऱ्या अवयवासारखा दिसला पाहिजे हा हट्ट बऱ्याचदा चुकीच्या ठिकाणी मेहनत घालवतो. लालसर रंग, चकचकीत पृष्ठभाग, सगळं छान असतं, पण अल्ट्रासाउंडला रंग कळत नाही आणि सुईला तर नाहीच नाही. आधी ठरवायचं की नेमकं काय तपासायचंय, कुठलं मशीन वापरणार, सुई घुसणार का, अवयव हलणार का, आणि मग मटेरियल निवडायचं. सगळ्या मशीन्सना एकाच वेळी खरा वाटेल असा पदार्थ मिळणं फार कठीण, कुठेतरी तडजोड करावीच लागते.

सिलिकॉनचं उदाहरण घ्या. टिकतं वर्षानुवर्षं, मऊपणा हवा तसा मिळतो, सीटीतही बरं दिसतं, त्यामुळे पहिला मोह त्याचाच होतो. पण अल्ट्रासाउंड मशीन शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून अंतर काढतं आणि सिलिकॉनमध्ये तो साधारण १००० च्या आसपास असतो, म्हणजे ५ सेंटीमीटर खोल बसवलेली गाठ स्क्रीनवर जवळजवळ ७.७ सेंटीमीटरवर दिसणार. मशीन ठीक, ट्रॅकिंग ठीक, आणि चूक पावणेतीन सेंटीमीटरची! आगर आणि जिलेटिनमध्ये हा त्रास नाही कारण त्यांच्यात बहुतेक पाणीच असतं, वेग थोडा कमी पडला तर ग्लिसरॉल घालून वर आणतात, आणि इमेजमध्ये टिश्यूसारखे ठिपके दिसावेत म्हणून ग्रॅफाइट किंवा सेल्युलोजची पूड मिसळतात. मात्र आगर ठिसूळ, सुई घातली की चिरतो. जिलेटिन गरम खोलीत सैल पडतं. दोघांनाही बुरशी लागते, प्रिझर्वेटिव्ह घालावंच लागतं.

मऊ अवयवासाठी माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे पीव्हीए क्रायोजेल. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची पावडर पाण्यात, वजनाने साधारण १० टक्के, ९० अंश सेल्सिअसच्या वर तापवून पूर्ण विरघळवायची, साच्यात ओतायची, मग उणे २० अंशाला गोठवायची आणि परत वितळू द्यायची. प्रत्येक फेरीत जेल आणखी घट्ट होतं, त्यामुळे नुसत्या फेऱ्या मोजून मऊ लिव्हर आणि कडक गाठ दोन्ही एकाच द्रावणातून काढता येतात: गाठ आधी बनवून दोनतीन फेऱ्या द्यायच्या, मग ती साच्यात बसवून भोवती ताजं द्रावण ओतायचं आणि सगळ्याला मिळून एखादी फेरी. इलास्टोग्राफीत, म्हणजे टिश्यू किती कडक आहे ते मोजणाऱ्या तपासणीत, निरोगी लिव्हरचा कडकपणा साधारण ५ किलोपास्कलच्या आसपास येतो आणि सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झाल्यावर, तो १२ च्या वर जातो, ही तफावत फेऱ्यांच्या हिशोबाने बऱ्यापैकी साधता येते. यात घाई चालत नाही. वितळणं जितकं सावकाश तितकं जेल घट्ट, आणि जाड ठोकळा बाहेरून आत गोठत जातो म्हणून आतबाहेर कडकपणा वेगळा येऊ शकतो. ओतताना अडकलेला हवेचा एकेक बुडबुडा अल्ट्रासाउंडमध्ये पांढरा डाग आणि मागे सावली टाकतो, तेव्हा द्रावण झाकून स्वस्थ ठेवायचं, मग सावकाश ओतायचं. आणि पाणी गोठताना फुगतं, साच्यात वर जागा सोडा.

साचा करायला खऱ्या सीटीमधून अवयवाची कड वेगळी काढतात, थ्रीडी स्लाइसरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होतं, मग आकार उलटा करून, म्हणजे अवयवाच्या जागी पोकळी राहील असा, थ्रीडी प्रिंट करतात. रक्तवाहिनीसाठी साच्यात नळी ठेवून जेल बनल्यावर ती ओढून काढली की पोकळी राहते.

अवयव हलवणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. साध्या श्वासातही लिव्हर एकदोन सेंटीमीटर वरखाली जातं, म्हणून फॅन्टम पट्टीवर ठेवून मोटरने पुढेमागे सरकवतात. एमआरआयच्या खोलीत साधी मोटर चालत नाही, तिथे हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा लावतात, आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक ट्रॅकर, म्हणजे चुंबकीय फील्डवरून सुईची जागा सांगणारा, वापरणार असाल तर जवळ लोखंड ठेवू नका, ते फील्ड वाकतं. हालचाल नेमकी किती झाली ते मोटरवर विसंबून न राहता वेगळ्या सेन्सरने मोजायचं. आणि सिस्टीम उशीर किती लावते तेही याच हालचालीतून कळतं: अवयव सेकंदाला २० मिलिमीटरने सरकत असेल आणि स्क्रीन ०.१ सेकंद मागे असेल तर २ मिलिमीटरची चूक तिथेच झाली, फॅन्टम स्थिर ठेवून टेस्ट केली असती तर ती दिसलीच नसती. मेंदूची गोष्ट वेगळी, कवटी उघडल्यावर द्रव निघून जातो आणि मेंदू खाली बसतो, काही वेळा सेंटीमीटरभर सुद्धा, त्याचं मॉडेल करायला आत फुगा ठेवून तो फुगवतात किंवा भोवतालचं पाणी काढतात.

मोजताना बाहेर चिकटवलेले मार्कर, म्हणजे स्कॅन आणि ट्रॅकिंग यांची सांगड घालायच्या खुणा, आणि आतलं टार्गेट, म्हणजे सुई जिथे पोचवायची ती जागा, यांची गल्लत सर्रास होते. मार्करवरची चूक कमी आली म्हणून आतली चूक कमी असेलच असं नाही, शिवाय मार्करच्या मध्यबिंदूपासून टार्गेट जितकं लांब तितकी चूक साधारणपणे वाढत जाते. म्हणून आत वेगवेगळ्या खोलीवर छोटे मणी बसवतात, सीटीसाठी काचेचे किंवा सिरॅमिकचे चालतात, एमआरआयला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल उजळ दिसते, पण स्टीलचा मणी एमआरआयमध्ये आजूबाजूचं चित्र खराब करतो. मणी कुणाला दिसतील अशा जागी नकोत, नाहीतर सुई चालवणारा त्यांच्याच मागे जातो.

फॅन्टममध्ये रक्त गोठत नाही, कापल्यावर टिश्यू खऱ्यासारखा मागे सरत नाही, एकदा सुई गेलेली वाट तशीच राहते आणि पुढची सुई त्याच वाटेत घसरते, त्यामुळे दर वेळी घुसवायची जागा बदलतात. पीव्हीएचा अवयव पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, उघडा राहिला की आकसतो आणि मणी आपल्या जागेवरून हलतात, म्हणून प्रत्येक टेस्टच्या आधी वजन करून बघायचं आणि फरक दिसला तर नवा सीटी काढून मण्यांच्या जागा परत मोजायच्या.