बेसबॉल 1839 साली जन्मला का?

'बेसबॉल 1839 साली कूपरस्टाउन गावात एका तरुण अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने शोधला' हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. खेळाचं संग्रहालयही त्याच गावात आहे, त्यामुळे ते खरं वाटणं स्वाभाविकच.

पण तो तरुण 1839 मध्ये अधिकारी नव्हता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तो शिकत होता, 1842 मध्ये तिथून बाहेर पडला. अकादमीच्या नोंदींत हे पाहता येतं.

दुसरा पुरावा मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा, मला तो सर्वांत बोलका वाटतो. 1791 च्या तिथल्या गावठरावात सभागृहापासून 80 यार्डांच्या आत चेंडूचे खेळ खेळायला मनाई आहे. त्या यादीत 'बेसबॉल' नावानिशी लिहिलेला आहे! म्हणजे कथित शोधाच्या 48 वर्षं आधी.

याच पिट्सफील्डमध्ये 1 जुलै 1859 रोजी दोन कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना झाला. प्रत्येकी 13 खेळाडू, धावसंख्या 73-32. आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद, अगदी आपल्या आबाधुबीसारखा. नियम एकाच माणसाने ठरवले असते, तर वीस वर्षांनी कॉलेजची मुलं आजच्या बेसबॉलपेक्षा इतका वेगळा खेळ खेळली असती का?