साक्षीचे जीवन (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती माणसाची श्रद्धा त्याच्या रोजच्या वागण्यातून इतरांना दिसावी, या अपेक्षेला मंडळीत (म्हणजे ख्रिस्ती समुदायात) ‘साक्षीचे जीवन’ किंवा ‘चांगली साक्ष’ म्हणतात. उपासनेत उभे राहून स्वतःचा अनुभव सांगणे यालाही साक्ष देणे म्हणतात. ही नोंद मात्र आचरणातून दिल्या जाणाऱ्या साक्षीपुरती आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही परंपरांना ही साक्ष मान्य आहे. शब्दांना किती जागा द्यावी आणि दिखावा कुठून सुरू होतो, हे मात्र जुने वादाचे मुद्दे आहेत.

या कल्पनेचा पेच तिच्या उगमापाशीच आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनात येशू शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो. लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा, असे तो सांगतो (5:14–16). त्याच प्रवचनात थोडे पुढे, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, अशी ताकीद आहे (6:1–4). उत्तर आफ्रिकेतील बिशप आणि धर्मचिंतक ऑगस्टीनने (354–430) या दोन वचनांची सांगड हेतूवर घातली. काम लोकांना दिसण्यात दोष नाही. ते दिसावे एवढ्यासाठीच करणे आणि त्याचे श्रेय देवापर्यंत न जाता स्वतःपाशी थांबणे, हा दोष. हे उत्तर पटणारे आहे, पण त्याने काम सोपे होत नाही. हेतू आतला असतो आणि साक्ष बाहेरची. पाहणाऱ्याला फक्त बाहेरचेच दिसते.

नव्या करारातील (बायबलच्या ख्रिस्ती भागातील) पत्रांत हा विषय वारंवार येतो. ‘तुम्हीच आमचे पत्र आहात आणि ते सगळी माणसे वाचतात,’ अशा अर्थाचे प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याने बोलणे, वर्तणूक, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांबाबतीत इतरांपुढे कित्ता ठेवावा, असे त्याला सांगितले आहे. मूर्तीला वाहिलेल्या मांसाच्या प्रश्नात पौल आणखी खोल जातो: एखादी गोष्ट स्वतःला निषिद्ध नसली, तरी तिच्यामुळे दुबळ्या विश्वासाचा भाऊ अडखळणार असेल, तर ती सोडावी. म्हणजे साक्षीत, आपल्याकडे पाहणाऱ्यासाठी स्वतःचा हक्क आवरणेही आले.

सुरुवातीच्या शतकांतले पुरावे मोलाचे आहेत, कारण त्या काळी ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्ता नव्हती. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन 197 च्या सुमारास लिहितो की, मंडळीचा निधी गरिबांचे अन्न आणि दफन, अनाथ मुले, वृद्ध आणि जहाज फुटून निराधार झालेले लोक यांच्यावर खर्च होतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात साथ पसरली, तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता ख्रिस्ती लोक स्वतः मरण पावल्याचे अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने नोंदवले आहे. हे सारे अर्थातच आपल्या माणसांचे वर्णन आहे. म्हणून सम्राट जुलियनचे पत्र जास्त वजनदार ठरते. जुन्या देवतांची पूजा पुन्हा उभी करू पाहणारा हा सम्राट (361–363) ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता. गॅलेशियातील मुख्य पुजारी अर्साकियस याला तो चिडून लिहितो की, हे लोक स्वतःच्याच नव्हे, तर आपल्या, म्हणजे जुन्या देवता मानणाऱ्या, गरिबांनाही पोसतात. तुम्हीही शहराशहरांत धर्मशाळा उभारा.

पाहणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली उदाहरणे थोडीच, पण बोलकी आहेत. चौथ्या शतकाच्या आरंभी सक्तीने सैन्यात भरती झालेला पाखोमियस हा तरुण इजिप्तमध्ये इतरांसह कोंडलेला असताना अनोळखी लोक अन्न घेऊन आले. हे कोण, असे विचारता ख्रिस्ती असल्याचे कळले. पुढे हाच पाखोमियस सामुदायिक मठजीवनाचा एक संस्थापक झाला. पंडिता रमाबाईंनी (1858–1922) इंग्लंडमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना प्रेमाने वागवणाऱ्या भगिनींचे काम पाहिले आणि त्यामागचे कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री (यहुदी लोक परक्या मानत त्या समाजातली) यांची कथा वाचून दाखवण्यात आली. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन्ही प्रसंगांत आधी कृती आहे, मग पाहणाऱ्याचा प्रश्न आणि मग शब्द. साक्षीची याहून चांगली व्याख्या प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

आधी कृती, मग शब्द हा क्रम पुढेही जपला गेला. असिसीच्या फ्रान्सिसने 1221 च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंपुढे (आपल्या संघातील संन्याशांपुढे) दोन मार्ग ठेवले. पहिला मार्ग असा: वादविवाद न करता सर्वांच्या अधीन राहायचे आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढे कबूल करायचे. (‘गरज पडली तरच शब्द वापरा’ हे त्याच्या नावावर खपणारे वाक्य त्याच्या लिखाणात सापडत नाही.) फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू शार्ल द फूको याने सहारातील तामानरासेत येथे तुआरेग या वाळवंटी जमातीच्या लोकांत राहून त्यांच्या भाषेचा कोश रचला, धर्मांतरे जवळपास झालीच नाहीत. 1916 मध्ये त्याची हत्या झाली. 2022 मध्ये त्याला संत घोषित करण्यात आले. साक्षीचे मोल धर्मांतरांच्या आकड्यावर ठरत नाही, ही समजूत त्यामागे आहे.

याची उलट बाजू झाकता येण्यासारखी नाही. नास्तिकता जन्माला येण्यात श्रद्धावंतांच्या सदोष आचरणाचाही वाटा असतो, असे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये मान्य केले. आयर्लंडमधील डब्लिन धर्मप्रांतातील बाललैंगिक अत्याचारांवरच्या 2009 च्या मर्फी अहवालाने दाखवले की, बदनामी टाळणे आणि चर्चची प्रतिष्ठा राखणे यांना मुलांच्या सुरक्षिततेपेक्षा वरचे स्थान मिळाले होते. इथे साक्षीची कल्पनाच उलटी फिरली: चांगले दिसण्यासाठी खरे दडवले गेले आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. पापाची उघड कबुली आणि पीडितांना न्याय हाही साक्षीचाच भाग आहे, हे ओळखायला मंडळीने फार उशीर केला.

शब्दांच्या जागेबद्दल पोप सहावे पॉल यांचे 1975 चे ‘एव्हांगेली नुन्तियांदी’ हे आवाहनपत्र प्रमाण मानले जाते. नि:शब्द साक्ष ही पहिली पायरी, पण प्रश्न विचारला गेल्यावर आशेचे कारण सांगावेच लागते, अशी त्यातली भूमिका आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तेच आहे. तिथे उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे, अशी अटही घातली आहे (3:15).

सेवा आणि प्रचार यांच्यातल्या सीमारेषेबद्दल चर्चची जागतिक परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी यांनी 2011 मध्ये मिळून एक निवेदन काढले. लोकांच्या गरिबीचा व गरजेचा गैरफायदा घेण्याला ख्रिस्ती कार्यात जागा नाही आणि आर्थिक लाभासकट कोणतेही आमिष दाखवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.