कोरिऑलिस परिणाम

फिरत्या पृथ्वीवरून पाहता गतिमान वस्तूचा मार्ग उत्तर गोलार्धात उजवीकडे, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. हा कोरिऑलिस परिणाम होय. त्याने दिशा बदलते, चाल बदलत नाही. क्षैतिज गतीसाठी त्याचे मान अक्षांशाच्या ज्येच्या (साइनच्या) प्रमाणात असते : विषुववृत्तावर शून्य, साताऱ्याला (सु. १७.७° उ.) ध्रुवावरील मानाच्या सु. ३० टक्के.

शोधाच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिऑलिस यांचा १८३५ चा निबंध फिरत्या यंत्रांविषयी होता, वातावरणाविषयी नव्हे. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांच्या अठराव्या शतकातील भरती-ओहोटीच्या समीकरणांत हा परिणाम दर्शवणारे गणिती पद आधीच येते. वातावरणाला ते लावण्याचे श्रेय अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ विल्यम फेरेल (१८५६) यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याआधी इंग्रज हवामान-अभ्यासक जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये व्यापारी वाऱ्यांची उपपत्ती मांडली, पण हवेचा रेषीय वेग कायम राहतो असे धरले. विषुववृत्तावर भूपृष्ठाचा वेग सेकंदाला ४६५ मी., सांगलीला (सु. १६.८५° उ.) ४४५ मी.; म्हणून विषुववृत्तावरून सांगलीच्या अक्षांशावर आलेली हवा, हॅडलींच्या हिशेबाने, सेकंदाला २० मी. वेगाने पूर्वेकडे जाईल. प्रत्यक्षात घर्षण नसेल तर कोनीय संवेग (वेग आणि पृथ्वीच्या अक्षापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर ठरणारी राशी) कायम राहतो व हिशेबाचे उत्तर सेकंदाला सु. ४१ मी. येते. शिवाय पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या वाऱ्याचे विचलन हॅडलींच्या मांडणीतून निघतच नाही.

उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात व नैऋत्य मोसमी वारे होतात. महाबळेश्वरचा पाऊस आणि चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवरील पवनचक्क्यांचा पावसाळी वारा यांमागे हेच वळण आहे. उंचावर वारा समदाब रेषांना (सारखा वायुदाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) जवळजवळ समांतर वाहतो. जमिनीलगत घर्षणाने चाल घटते, विचलन दुबळे होते व वारा कमी दाबाकडे कलतो.

अल्प अंतरावर परिणाम नगण्य असतो. सांगलीत १०० मी. उंचीवरून सोडलेला दगड पूर्वेला जेमतेम २ सेंमी. सरकेल. मोरीतल्या भोवऱ्याची दिशा भांड्याचा आकार व पाण्याची आधीची हालचाल ठरवतात. पृथ्वीचे परिवलन दाखवणाऱ्या फूको लंबकाचे (१८५१) आंदोलन-प्रतल, म्हणजे तो ज्या उभ्या पातळीत झुलतो ती पातळी, सांगलीत तासाला सु. ४.४° वळते, पूर्ण फेरीस सु. ८२ तास लागतात. तार लांब व गोळा जड हवा. गोळा दोऱ्याने बाजूला ओढून बांधावा आणि पूर्ण स्थिरावल्यावर दोरा जाळून सोडावा. हाताने सोडल्यास आडवा धक्का बसून मार्ग लंबवर्तुळाकार होतो, आणि त्या लंबवर्तुळाचे स्वतःचे वळण पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम झाकून टाकते. टांगणीची पकड एका बाजूला अधिक घट्ट असली तरी हाच दोष येतो.