निवासी डॉक्टरांमधील बर्नआउट व त्याचा प्रतिबंध

कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताबाहेर राहिला की माणसाला जी अवस्था येते तिला बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निमित्ताने तिचे वर्णन केले. तिची तीन लक्षणे मानली जातात : कमालीचा थकवा, कामाविषयी (डॉक्टरांच्या बाबतीत रुग्णांविषयी) आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. त्यामुळे उपायांचा शोधही डॉक्टरच्या स्वभावापेक्षा आधी ड्यूटीच्या तक्त्यात घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील शासकीय व महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा भार सर्वाधिक पडतो तो पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांवर, त्यातही पहिल्या वर्षाच्या, म्हणजे ‘जेआर-वन’वर. युनिटचा (एका वरिष्ठाच्या हाताखालील डॉक्टरांच्या गटाचा) इमर्जन्सीचा दिवस असला की सकाळी वरिष्ठांच्या आधी वॉर्डात पोहोचून राउंडची तयारी, मग ओपीडी, मग रात्रभर कॅज्युअल्टीतून येणारे रुग्ण, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राउंड. सलग ३६ तास उभे राहणे यात नवलाचे मानले जात नाही. या तासांतला मोठा भाग वैद्यकीय ज्ञानाशी संबंधित नसतो. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, रिपोर्टसाठी खेपा घालणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसले तर ट्रॉली स्वतः ढकलत एक्स-रेला नेणे, डिस्चार्ज कार्डे लिहीत बसणे. परिचारिका, तंत्रज्ञ आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची पदे रिकामी राहतात, तेव्हा ती उणीव याच डॉक्टरांच्या झोपेतून भरून काढली जाते.

नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको असे नमूद आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत मात्र तासांचा आकडा नाही. ‘वाजवी’ तास, पुरेशी विश्रांती आणि कामाची निकड पाहून साप्ताहिक सुटी एवढेच आहे. पळवाट आहे ती या ‘निकडी’त, कारण सरकारी रुग्णालयात निकड रोजचीच असते. आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास, एक पूर्ण सुटी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली.

तासांवर मर्यादा घालण्याचा विचार जगात प्रथम गांभीर्याने झाला तो न्यूयॉर्कमध्ये. १९८४ मध्ये तेथे लिबी झायन या तरुणीचा रुग्णालयात मृत्यू झाला आणि दमलेल्या, देखरेखीविना काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे त्या राज्यात, आणि २००३ पासून सर्व अमेरिकेत, आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. बॉस्टनमधील एका अतिदक्षता विभागात झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ तासांहून लांब ड्यूटीच्या वेळापत्रकात नवख्या डॉक्टरांकडून सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. नंतरच्या मोठ्या अमेरिकी चाचण्यांत मात्र ड्यूटीच्या लांबीचे नियम कडक ठेवले काय आणि सैल ठेवले काय, रुग्णांच्या परिणामांत विशेष फरक दिसला नाही. त्यामुळे तास कमी करताना हँडओव्हर (ड्यूटी संपताना रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवणे) नीट लावणे आणि जादा माणसे देणेही आवश्यक ठरते. तेवढाच भार कमी तासांत कोंबला तर दमणूक तशीच राहते.

योगवर्ग आणि तणावमुक्तीची व्याख्याने स्वस्त असल्याने प्रशासनाला आवडतात. पण २०१७ मध्ये झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात व्यक्तीकेंद्री उपक्रमांपेक्षा संस्थेने कामाची रचना बदलल्याचा परिणाम अधिक आढळला. थकलेल्या मुलामुलींना सुटीच्या दिवशी सक्तीने अशा व्याख्यानाला बसवणे हा तर अन्यायच आहे.

सुरक्षा हाही या विषयाचाच भाग आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांवरील हिंसेविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ हिच्या मागण्यांत सुरक्षेसोबत राहण्याजोगे वसतिगृह, वेळेवर विद्यावेतन, प्रसूती रजा आणि क्षयरोग झाल्यास रजा या बाबी वर्षानुवर्षे येतात. वॉर्डात रुग्णांकडूनच क्षयाची लागण होणाऱ्या डॉक्टरला रजेसाठी संघटनेमार्फत मागणी करावी लागते, ही फार दुःखद गोष्ट आहे.

मदत मागण्यातली मोठी अडचण गोपनीयतेची असते. स्वतःच्याच महाविद्यालयातील मनोविकार ओपीडीत गेले तर केसपेपर आपल्याच बॅचच्या कुणाच्या हाती जाण्याची शक्यता असते, आणि ‘झेपत नाही’ हा शिक्का युनिटमध्ये पसरायला वेळ लागत नाही. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये लंडनपासून सुरू झालेल्या डॉक्टरांसाठीच्या स्वतंत्र सेवेत डॉक्टर वरिष्ठांच्या चिठ्ठीविना थेट जाऊ शकतो. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सर्वांसाठी खुली आहे. डॉक्टरांनाही तेथे मराठीत बोलता येते, आणि फोन महाविद्यालयाबाहेर उचलला जात असल्याने वॉर्डात कुणाला कळण्याचे कारण उरत नाही.