बाप्तिस्मा झाला, पण शिष्य कधी झालो? कोकणच्या बाजूने थोडी पार्श्वभूमी

वसई-अर्नाळ्यापासून खाली गोव्यापर्यंत कुणालाही विचारा, ख्रिस्ती म्हणजे कोण, तर उत्तर बहुतेक आडनावावरून येतं. डिमेलो, परेरा, लोपीस, गळ्यात क्रॉस, डिसेंबरात दारावर स्टार, झालं. पण सुरुवातीला असं नव्हतं. येशूच्या मागे जाणाऱ्यांना आधी नुसते शिष्यच म्हणायचे, 'ख्रिस्ती' हे नाव नंतर अंत्युखिया शहरात पडलं, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सरळ लिहिलंय.

त्या काळी यहुदी लोकांत गुरू शोधायचा तो शिकणाऱ्याने, चांगला रब्बी बघायचा आणि त्याच्या पायाशी बसायचं. येशूने उलट केलं, तो स्वतःच गालीलच्या सरोवरावर गेला आणि कामात असलेली माणसं उचलली. पेत्र आणि आंद्रिया जाळं टाकत होते, याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, एक बारीक गोष्ट टिपलीय, की ते दोघं बाप जब्दीला मजुरांसोबत होडीत सोडून गेले. आता पाचूबंदर किंवा उत्तनच्या कोळीवाड्यात हे वाचून दाखवा, कुणी प्रवचनाची वाट बघणार नाही. घरची होडी आहे, पगारी खलाशी आहेत, म्हणजे धंदा बरा चाललाय, आणि दोन कमावती पोरं एकदम उठून गेली! म्हाताऱ्याने काय करायचं? यावर शुभवर्तमान गप्प आहे.

आणि एकदा सोडलं म्हणजे सुटलं असंही नाही. येशू क्रुसावर गेला, पुन्हा उठला, तरी पेत्र म्हणतो मी मासे धरायला जातो, बाकीचे म्हणतात आम्ही पण येतो. रात्रभर काही नाही, सकाळी काठावरून कुणीतरी सांगतं उजव्या बाजूला टाका, आणि जाळं भरतं. योहानाच्या शुभवर्तमानात आकडा दिलाय, 153 मोठे मासे, आणि जाळं फाटलं नाही हेही सांगितलंय. धर्मपंडितांनी त्या आकड्यातून काय काय अर्थ काढलेत, मला विचाराल तर कोळी मोजणारच, वाटणी करायची असते! काठावर येशूने निखारे पेटवून भाकर आणि मासा तयार ठेवलेला, खाणं झाल्यावर तो पेत्राला परत म्हणतो, माझ्यामागे ये. म्हणजे तीन वर्षं सोबत फिरलेल्या, मधे तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलेल्या माणसाला बोलावणं पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या काही शतकांत चर्चने हे बऱ्यापैकी गंभीरपणे घेतलं. तिसऱ्या शतकाच्या आसपासची एक नियमावली आहे, तिच्यात बाप्तिस्म्याआधी साधारण तीन वर्षं शिकायचं, आणि आधी धंदा विचारायचे, ग्लॅडिएटर असशील किंवा कुंटणखाना चालवत असशील तर सोड, नाहीतर जा. शेवटी परीक्षा पाठांतराची नाही, विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटला का, ही. 313 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, 380 पासून तर तोच राजधर्म, मग रांगा लागल्या आणि हळूहळू तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा हीच रीत झाली. ज्यांना जुन्यासारखं कडक जगायचं होतं ते इजिप्तच्या वाळवंटात जात राहिले, संन्यासी मठांची परंपरा तिथून वाढली.

आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांच्या खूप आधीपासून आहेत, सहाव्या शतकातला एक ग्रीक प्रवासी कल्याणला बिशप असल्याचं लिहितो, 1321 मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या संन्यासी संघातले चौघे मारले गेले. पण गावंच्या गावं ख्रिस्ती झाली ती 1534 ला वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर, आणि त्यात श्रद्धेबरोबर सत्तेचा दाब आणि सवलतीही होत्या, हे झाकण्यात अर्थ नाही. इथेच शिष्य मागे पडला आणि बाप्तिस्म्याचं रजिस्टर पुढे आलं असं माझं मत. अर्थात सगळीकडे नाही, गोव्यात साष्टीला थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाला, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूला, कळलं की लोकांची जुनी पुराणं काढून घेतली पण हातात दिलं काहीच नाही, म्हणून त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, 1616 ला छापलं, जवळपास 11,000 ओव्या.

त्याच काळातला आपला वसईचा गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला जाऊन धर्मशिक्षण देत फिरला, जपानी उत्तम बोलायचा, पण त्यांनी संघात काही घेतलं नाही. दुसरा कुणी असता तर चिडून घरी आला असता. हा व्यापारात पडला, चांगला जम बसला, मग मनिलात सगळं सोडून फ्रान्सिस्कनांत साधा ब्रदर झाला, फादर म्हणजे धर्मगुरू कधीच नाही. दुभाषा म्हणून परत जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 25 जणांसोबत क्रुसावर मेला. 1862 मध्ये संत जाहीर झाला, भारतात जन्मलेला पहिलाच. आता वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, तिथल्या किती पोरांना त्याला आधी नकार मिळालेला हे माहीत असेल कोण जाणे.

पुढे स्कॉटिश मिशनरी 1823 ला बाणकोट-हर्णैला उतरले, शाळा काढल्या. पण शिष्यत्वाचा प्रश्न मराठीत खरा रंगवला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावच्या नारायण वामन टिळकांनी. बाप्तिस्मा 1895 ला मुंबईत, घर तुटलं, बायको लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, सोवळं हळूहळू सुटलं आणि 1900 ला त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यामागून फरपटत नाही. टिळक मात्र मिशनच्या चौकटीत रमले नाहीत. 1917 ला पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य चालतील म्हणाले! मिशनवाल्यांना हे पचायला जडच होतं. 1919 ला टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही.

प्रश्न मात्र तसाच आहे. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला बघा, हिंदू, मुस्लिम, पारशी सगळे मेणबत्त्या घेऊन उभे. टिळक त्या सगळ्यांना आत घेतील असं मला वाटत नाही, कारण नवस फेडणं वेगळं, आणि येशूने वाटलेली भाकरी खाऊन घरी गेलेली गर्दी शुभवर्तमानातही शिष्यांत मोजलेली नाही. पण तोच नियम लावला तर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर पार्किंगमध्ये गाडी काढायची घाई करणारे आपण, दृढीकरणाचा (मोठेपणी श्रद्धा पक्की करायच्या विधीचा) फोटो भिंतीवर असलेले, आपली नावं तरी कुठल्या यादीत येतात?