बिअरच्या पॅडलला मेपलच का?

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांना माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ढवळायचं पॅडल स्वतः बनवायचं असेल तर ठरलेलं उत्तर मिळतं, मेपल घ्या, पाइन नको, वॉर्निश तर अजिबात नको. हा नियम तसा अलीकडचा, आधीचा जवळजवळ उलटा होता.

नॉर्वेच्या खेड्यांत शेतकरी यीस्ट जपायचे तेच लाकडावर. लाकडाचे छोटे तुकडे गुंफून केलेलं कडं नाहीतर भोकं पाडलेला ओंडका फसफसत्या बिअरमध्ये बुडवायचा, काढून वाळवायचा आणि पुढच्या वेळी तोच नव्या रसात, म्हणजे माल्ट भिजवून काढलेल्या गोड पाण्यात, टाकायचा, झालं काम. म्हणजे लाकडाला खाचाखोचा हव्यातच, यीस्ट तिथेच तर बसणार.

मग १८७६ मध्ये, बिअर बाहेरच्या जंतूंमुळे बिघडते हे सांगणारं पाश्चरचं पुस्तक आलं, १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये एमिल हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि ज्या खाचांसाठी लाकूड हवं होतं त्याच खाचांमुळे ते बदनाम झालं. कारखाने हळूहळू स्टीलकडे वळले.

अमेरिकेत दारूबंदी १९३३ ला उठली पण घरच्या बिअरला परवानगी द्यायची राहूनच गेली, ती मिळाली थेट १९७८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टरच्या सहीने. मग लोक पिकनिकच्या कूलरमध्ये भरडलेला माल्ट ६५-६८ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवायला लागले, आणि त्यात पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, किचनमधला चमचा पुरत नाही, प्लास्टिक गरम झालं की वाकतं, स्टीलचा दांडा हाताला चटके देतो. म्हणून परत लाकूड, लांब दांडा आणि पात्याला भोकं. जंतूंची भीती इथे नाही, कारण हा रस नंतर तासभर उकळतोच.

मेपल कडक, रंध्रं बारीक, चव-वास जवळपास नाही. बीच, चेरीही चालतात. पाइनची राळ उतरते. रेड ओकला लोक टॅनिनमुळे, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्यामुळे, नाही म्हणतात, माझ्या मते ती भीती उगाच आहे, तेवढ्या वेळात पॅडलमधून उतरणार किती? खरी कटकट त्याच्या मोठ्या रंध्रांची, त्यात माल्टचे कण अडकतात आणि धुऊनही निघत नाहीत, मग आंबतात.

उकळून गार केलेल्या रसात मात्र मेपलचंही पॅडल घालत नाहीत, तिथे पाश्चरचंच चालतं.